डाव्या विंगेतला हात

कॉलेजच्या नाट्यमंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजूनही आहे. मागच्या महिन्यात तिथे एक जुना फोटो आला. एकांकिका स्पर्धेच्या दिवशीचा, पडदा उघडण्याआधी काढलेला. दहाबारा जण दात काढून उभे आहेत, मधोमध ती आहे, आणि अगदी डाव्या कडेला नुसता एक हात आहे. हातात निळी फाइल. हाताची मालकीण फोटोत मावली नाही. ती मी.

फोटो तिनेच टाकला होता, खाली लिहून, 'गोल्डन डेज! मिस यू ऑल!' त्यावर बदाम आले, टाळ्या आल्या. मीही एक अंगठा दाखवला आणि मग संध्याकाळभर माझं डोकं तापलेलं राहिलं. आठ वर्षं झाली. नवरा म्हणतो, सोडून दे आता. पण मी डूख धरणारी बाई आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मी उमरेडची. सकाळच्या एसटीने नागपूरला यायचे, संध्याकाळी सहाच्या बसने परत. पहिल्याच वर्षी नाट्यमंडळाच्या ओळखीच्या बैठकीला गेले. तिथली पद्धत अशी, की नव्या माणसाने कँटीनमधल्या बाकावर उभं राहून आपण का आलो ते सगळ्यांना सांगायचं. मी बाकावर चढले आणि घरी बोलते तसंच बोलून गेले.

"मले नाटकात काम कराचं हाय."

असा हशा झाला, की समोसे तळणारे काका झारा घेऊन बाहेर डोकावले. फोटोत मधोमध असलेली ती समोरच बसली होती. मंडळाची सेक्रेटरी, माझ्याहून एक वर्ष पुढे, नागपुरातल्या श्रीमंत धरमपेठेत राहणारी. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "यार, किती क्यूट! परत बोल ना, प्लीज."

मी परत बोलले. ती हसली याचं नाही, मी परत बोलले हेच मला आजही जिव्हारी लागतं. त्या दिवसापासून मंडळात माझं नाव 'मले' पडलं. ए मले, चहा सांग. मले आली का? मग खुर्च्या लाव म्हणावं.

तरी मी जात राहिले, कारण मला स्टेजवर उभं राहायचं होतं. बाकी काही नको होतं. दीड वर्ष मी नेपथ्याचे फलक रंगवले, कपड्यांना इस्त्र्या केल्या, इतरांचे संवाद पाठ करून घेतले. माझं पाठांतर पक्कं होतं, दोनदा ऐकलं की डोक्यात बसायचं. तीच मला म्हणाली होती, "पुढच्या एकांकिकेत तुला नक्की रोल देऊ गं." हे सगळ्यांसमोर म्हणाली होती. मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

आमच्याकडे हातमाग होता. त्या वर्षी बाबा माग सोडून कोळशाच्या खाणीत कंत्राटी कामाला लागले आणि आईचे हात एकाएकी रिकामे झाले. दुपारी ती मला फोन करायची. कँटीनमध्ये काही ऐकू यायचं नाही म्हणून मी स्पीकर लावायचे. एकदा ती म्हणाली, "मागावर चादर टाकून ठेवली वं मी. उघडा दिसला का हात शिवशिवते. सकाळी उठली का पाय तिकडंच वळते. आता पायाले कसं सांगू, का बाबा तुले काम नाही म्हणून?"

सेक्रेटरीबाई शेजारच्या टेबलावर चहा पीत होत्या. या वेळी हसल्या नाहीत. मोबाइलवर काहीतरी टाइप करत होत्या. मला वाटलं, कोणाला मेसेज चालला असेल.

महिन्याभराने एकांकिकेचं वाचन झालं. विणकर बाईची गोष्ट. शेवटच्या पानावरच्या स्वगतात माग होता, चादर होती, शिवशिवणारे हात होते आणि समजूत न पटणारे पायही होते. माझी आई तिथे शब्दाशब्दाने बसवली होती. पहिल्या पानावर लेखिका म्हणून सेक्रेटरीचं नाव.

मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हे माझ्या आईचं बोलणं आहे."

"अगं, त्याला इन्स्पिरेशन म्हणतात. तुझ्या आईला आनंदच होईल."

"मग ही बाई मी करते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कीव आली असावी. "तुझी भाषा एकदम परफेक्ट आहे. पण तू स्टेजवर उठून दिसत नाहीस गं. आणि तालमी रंगात आल्या की तुझी बस असते. तू मला ही भाषा शिकव ना. आणि प्रॉम्प्टिंग कर." दिग्दर्शक म्हणवणारा शेवटच्या वर्षाचा मुलगा शेजारी उभा राहून शांतपणे नखं कुरतडत होता.

मी राग गिळून होय म्हणाले. भाषा शिकवली. एवढंच नाही, तिला नेसायला आईने स्वतः विणलेलं लुगडंही घरून आणून दिलं, कारण बाजारातलं तिला 'ऑथेंटिक' वाटेना. मात्र शेवटचं स्वगत तिने कधी पाठ केलं नाही. त्यासाठी एक युक्ती काढली होती. रडू आवरत असल्यासारखी ती डाव्या विंगेकडे वळायची, प्रेक्षकांकडे पाठ करायची, आणि मी पुटपुटलेली ओळ उचलायची. थांबली की पुढची. दिग्दर्शकाला तर ती पाठमोरी पोझ फारच आवडली.

"निदान एवढं तरी पाठ कर," मी म्हणायचे.

"तू आहेस ना," ती म्हणायची.

मी रागारागाने आईला सगळं सांगितलं. ती चिडेल, शिव्या घालेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "माझं बोलणं? इस्टेजवर? अरे बाप्पा, मले पाहाचं हाय." आणि स्पर्धेच्या दुपारी खरंच एकटी बसने आली. विंगेतल्या फटीतून मला ती तिसऱ्या रांगेत दिसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून, हनुवटी वर करून बसलेली.

प्रयोग चांगला चालला होता. मग शेवटच्या स्वगताला सेक्रेटरी डाव्या विंगेकडे वळली, प्रेक्षकांकडे पाठ केली, माझ्याकडे पाहिलं. माझं बोट ओळीवर होतं. मी फाइल मिटली.

तिला आधी वाटलं, पान हरवलं असेल. ओठांनी म्हणाली, सांग. मी सरळ तिच्या डोळ्यांत पाहत उभी राहिले. एक शब्द दिला असता तर ती सुटली असती आणि बक्षीसही घेऊन गेली असती. मी तो दिला नाही. प्रेक्षकांनी काही वेळ तिची शांतता अभिनय म्हणून खपवून घेतली. मग कोणी खोकलं. मागच्या रांगेतून शिट्टी आली. शेवटी ती न राहवून मोठ्याने म्हणाली, "सांग ना गं!"

वर टांगलेल्या माइकने ते इमानेइतबारे सभागृहभर पोचवलं. जो हशा झाला तो मी ओळखला, कँटीनमधला होता अगदी. ती पदराने तोंड झाकून पळाली आणि कोणीतरी घाईघाईने पडदा ओढला.

मला आनंद झाला. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं वाटलं. मेकअपच्या खोलीत तिने लुगड्याचा बोळा माझ्या हातात कोंबला, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी हळूच म्हणाले, "किती क्यूट! परत बोल ना, प्लीज." तेव्हा कुठे तिला सगळं कळलं. पण तक्रार कोणाकडे करणार? मी गप्प राहिले असं सांगायचं, तर आपण पाठच केलं नव्हतं हेही सांगावं लागलं असतं. 'ब्लँक झाले' एवढंच ती सगळ्यांना सांगत राहिली. मी मंडळात परत पाऊल टाकलं नाही, ग्रुपमधून मात्र बाहेर पडले नाही.

बसमध्ये आईने लुगडं मांडीवर घेतलं आणि चुण्या काढत घडी घालायला लागली.

"ते पोट्टी इसरली वाटते."

"हो."

"तुले तं येत होतं ना?"

"येत होतं."

"मग काहून नाही सांगतलं?"

"आई, तिनं तुझं बोलणं चोरलं होतं."

"चोरलं तं चोरलं वं," ती घडीकडेच बघत म्हणाली. "मले आयकाचं होतं. इतके लोक बसले होते. मले वाटलं, आता माझं आयकतीन."

नंतरही ती दुपारी फोन करायची, पण जेवली का, बस भेटली का, एवढंच विचारायची. मागाविषयी माझ्याशी परत कधी बोलली नाही. पुढे माग विकला, तेही मला बाबांकडून कळलं.

याचंही खापर मी त्या सेक्रेटरीच्याच डोक्यावर फोडते. फोटोतल्या मधोमधच्या चेहऱ्याकडे बघून आठ वर्षं फोडत आले आहे. फाइल मिटणारा हात त्याच फोटोत डाव्या कडेला आहे आणि तो कोणाचा आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.