आत्याबाईंनी बेलभंडारा उचलला नाही

लढाईची महागाई होती. लोणावळ्याच्या बाजारात तांदूळ दिसेनासा झाला होता, आणि नेमका तेव्हाच माझ्या चुलत सासऱ्यांनी आमच्या ओढ्याकाठच्या खाचरावर हक्क सांगितला. वडिवळ्यात आमचं भात पिकायचं ते तिथंच. ते गेलं की उरला नुसता माळ. माझी थोरली पोर तेव्हा कुठं भात खायला लागली होती.

सासरे वारलेले, वाटणीचा कागद कुणापाशीच नाही. मग आमच्याकडे अशा वेळी करतात तेच ठरलं. भैरोबाच्या देवळात घरच्या थोरल्या माणसानं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोलायचं. बेलभंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचं घर बुडतं, अशी सगळ्यांची खात्री, म्हणून तो शब्द अखेरचा. चुलत सासरे म्हणाले, "वहिनीनं उचलावा. मी गप बसतो."

चला, सुटलो! खाचर आमचंच, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "काय बोलू?"

"वाटणी मी डोळ्यांनी पाह्यली, असं बोला," पंच म्हणाले.

"मी कुटं व्हते तवा? बाळंतपणाला माहेरी गेलते. मालकांनी सांगितलं तेवढं बोलते."

"तेवढ्यानं न्हाई भागत, मावशी."

"मग ऱ्हाऊ द्या." आणि बाई पदर सावरत सरळ देवळाबाहेर! खाचर गेलं.

पाणवठ्यावर बायका कुजबुजल्या, "म्हातारी देवाला भ्याली. पोटात पाप असंल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन घागर आदळली आणि म्हटलं, "खाचर आपलंच होतं ना? एका शब्दापायी देव काय आपलं घर बुडवणार होता?"

"बुडवतोय कशाला? त्याला काय तेवढाच धंदा हाय?"

"मग भ्यालात कशाला?"

"भ्याले न्हाई गं. मालक गेल्यापासनं मनातलं समदं त्याच्यापाशीच बोलते. त्याच्याच तोंडावर खोटं बोलले, तर उद्या बोलू कुणाशी?"

कप्पाळ! माझा राग मात्र उतरला नाही. वर्षभर नाचणी खाल्ली. पोर भातासाठी रडली की मी आत्याबाईंना ऐकू जाईल अशी भांडी आपटायची.

नरकाच्या भीतीनं माणूस नीट वागतो, असं कीर्तनात कितीही सांगोत, मला ते पटत नाही. भीती असली की माणूस पळवाट शोधतो. भीती तर पंचांनाही होती, तरी म्हातारीला खोटं बोलायला तेच सांगत होते.

कापणीच्या दिवसांत आमच्या खाचरात दुसऱ्यांचे विळे चालू असताना मी देवळात निवद घेऊन गेले. आत्याबाई आधीच आत होत्या. कमरेवर हात ठेवून देवाला विचारत होत्या, "माझं भरलं खाचर नेलं आन तू बघत बसलास? नातीला काय घालू, सांग की! लाज न्हाई वाटत?"

उभ्या जन्मात त्यांनी कुणापुढे असा आवाज चढवला नव्हता. मी उंबऱ्यातच थांबले. मला रडू कोसळलं.

मागं न बघताच त्या म्हणाल्या, "निवद ठेव, आन तूबी बोल."