कुसाबाईचा पदर आणि डॉक्टरांचा दिवा

कुसाबाईचा चेहरा कसा आहे, हे आमच्या गल्लीत फक्त बायकांनाच ठाऊक होतं. पुरुषांच्या लेखी ती म्हणजे एक हिरवं लुगडं आणि झकास भाकरी. घराणं दिंडोरीकडचं, नाशकात द्वारकेच्या नाक्यापाशी बैलगाड्या भाड्यानं देणारं. गाड्या मोडक्या, पण ऐट संस्थानिकाची! थोरले दीर गोरक्षदादा अंगणात नुसते खाकरले, की कुसाबाईचा पदर हनुवटीखाली यायचा. नवरा नाथा भला माणूस, पण भावासमोर त्याला खोकलासुद्धा विचारून यायचा.

तर छत्तीस साली कुसाबाईच्या गालावर, डोळ्याच्या खाली, एक फोड आला. त्याची जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. हळद झाली, चुना झाला, अंगारा झाला. गोरक्षदादा म्हणाले, "पदराआडच आहे ना? मग कुणाला दिसतंय?" ऐका! जखम दुखते हे त्यांच्या गावीच नाही, दिसली नाही म्हणजे झालं. शेवटी मी, त्यांची शेजारीण, नाथाला ओट्यावर गाठलं आणि विचारलं, "मेल्या, तुला बायको हवी का लुगडं?" तेव्हा कुठे तो हलला.

गावात एक डॉक्टर नुकतेच जर्मनीहून शिकून आले होते. त्यांनी जखमेचा कण मुंबईहून तपासून आणवला आणि सांगितलं, कॅन्सर आहे.

"अजून कातडीतच आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यापर्यंत सरकायच्या आत, हाडात उतरायच्या आत गाठला तर बाई वाचेल. हे लाल औषध जखमेला लावायचं. ते रोगट मांसात मुरतं. नुसतं औषध काही करत नाही, नुसता उजेडही काही करत नाही. पण औषध मुरलेल्या जागी हा प्रखर उजेड पडला, की तिथल्या तिथे विष तयार होतं आणि रोग मरतो. उजेड खोलवर पोचत नाही, म्हणून घाई करायची. इलाज नवा आहे, खात्री देत नाही."

मला समजलं ते असं, की चुलीत लाकडं रचून काडीच लावली नाही, तर भाकरी होत नाही.

पण गोरक्षदादा अडून बसले. घरची सून परक्या पुरुषाच्या खोलीत एकटी कशी बसणार? मी म्हणाले, "मी बसते की!" तर म्हणतात, "ठमावहिनी, बायकांना डॉक्टरीतलं काय कळतंय? मी बसेन."

आणि बसले. डॉक्टर औषध लावायचे तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करायचे. मग डॉक्टर दिवा लावायचे, दादांना काळा चष्मा द्यायचे आणि स्वतःचे डोळे जपायला शेजारच्या खोलीत जायचे. दादा चष्मा चढवून रुबाबात समोर बसायचे. आठवडे गेले, जखम तशीच. डॉक्टरांनी औषध वाढवलं, दिवा जास्त वेळ ठेवला. शेवटी जर्मनीला कळवून टाकलं, की हिंदी माणसाची कातडी उजेडाला दाद देत नाही. शिकलेला माणूस चुकला की सगळा देश चुकीचा ठरतो, दुसरं काय! इकडे दादा द्वारकेवर सांगत सुटले, "दिव्यानं कुठं रोग जातो? सगळी थापेबाजी!"

जखम पापणीला टेकली. एका सकाळी नळावर कुसाबाईनं माझा हात धरला. "ठमाबाई, डोळा जाईल का गं माझा? पोरांना बघायचंय मला." दिव्यासमोर बसणं अजून चालूच होतं. त्या दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि पडवीत बसले.

दिवा लागला, डॉक्टर बाहेर आले आणि तपकिरीची डबी आत राहिली म्हणून परत गेले. आणि असे ओरडले, की मी धावत आत शिरले. बघते तर काय, कुसाबाई दिव्यासमोर बसलेली, पदर हनुवटीखाली! जर्मनीचा सगळा उजेड लुगड्यावर पडत होता.

"बाई, हे काय?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"भाऊजी समोर बसलेत," ती पदरातून पुटपुटली. "मला वाटलं, एवढा जोराचा उजेड, कापडातून जात असेल."

दादा छाती काढून म्हणाले, "घराण्याची रीत आहे, डॉक्टर."

"मग घराण्यालाच बसवा दिव्यासमोर!" मीच ओरडले. "तिचा जीव जातोय आणि तुम्ही चष्मा लावून बसलाय? उठा, बाहेर व्हा!"

डॉक्टरांनी त्यांना खरोखर पडवीत बसवलं. कुसाबाईजवळ मी बसू लागले. आता उजेड गालावर पडला. आग व्हायची, ती माझा हात करकचून धरायची. जखम सुजली, काळी पडली, खपली धरली. खपली गळाली तेव्हा खाली कोवळी गुलाबी कातडी होती आणि डोळा शाबूत होता. डॉक्टरांनी बजावलं, "जपून. रोग परत येतोय का ते बघत राहू. आणि गालाला कापड लावायचं नाही." मी तिथेच रडले.

कुसाबाई उघड्या तोंडानं पडवीत आली. गोरक्षदादा बाकावरून अदबीनं उठले, बाजूला सरकले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्या नाथाची बायको अजून आतच आहे का हो?"

कुसाबाईचा हात पदराकडे गेला नाही.

"मीच ती, भाऊजी," ती म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून तुम्हाला जेवायला वाढतेय."