घमेल्यातला समुद्र

राजगुरुनगरच्या दवाखान्यातून लेकाचा फोन आला, "आई, आत्या गेली." मी खुळ्यासारखी म्हणाले, "अरे, अमावास्येला अजून तीन दिवस आहेत की!" सखूवन्संची, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेची, सुट्टी अमावास्येलाच असायची. उभ्या जन्मात मोडली नाही, आणि आता कायमची घेतली ती भलत्याच तिथीला...

चाकणजवळच्या आमच्या गावात अमावास्येला बैल जुंपत नसत. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत ज्वारी निघाली की आम्ही काही माणसं ट्रकमधून कोकणात रस्त्याच्या कामाला जायचो, उन्हाळाभर खडी वाहायला. तिथं आमच्या माणसांनी मुकादमाला सुनावलं, "बैलाला सुट्टी, मग आमाला का न्हाई?" तो हसला आणि कबूल झाला. मी तेव्हा सतरा वर्षांची नवी सून, अक्कल सगळी नाकाच्या शेंड्यावर. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा, "एवढं पानी, आन् एक मोट न्हाई!" असं म्हणून मी माझं शेतीतलं ज्ञान पाजळलं होतं.

वन्संना नवऱ्यानं टाकलेलं. माहेरी दळण-कांडण करत दिवस काढायच्या. अमावास्येच्या सकाळी समुद्र पार लांब गेलेला असायचा. एकीकडे करवंदीचं रान, दुसरीकडे नुसती ओली वाळू, माणूस म्हणून नाही. वन्सं लुगडं खोचून पाण्यामागं चालत सुटायच्या. मी काठावरून ओरडायची, "वन्सं, लोक काय म्हनतील?" लोक कुठले, खेकडे होते! वन्सं मोठ्यानं हसायच्या. घरी त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी काम संपत आलं तेव्हा तिथल्या एका एकट्या म्हातारीनं त्यांना विचारलं, माडांना पाणी घालायला राहतेस का? खोपटं आहे, पोटाला कमी पडणार नाही. वन्सं माझ्याकडं आल्या. "वैनी, दादाला तूच इचार. माझी जीभ उचलत न्हाई." दादा म्हणजे आमचे हे. "इचारते," मी म्हणाले... आणि विचारलंच नाही. वन्सं तिथं राहिल्या तर घरचं जातं आपल्या गळ्यात पडेल, एवढंच माझ्यातल्या त्या दीडशहाणीला दिसलं. दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "न्हाई म्हनले." वन्संनी पायाची वाळू धुतली आणि गुमान ट्रकमध्ये चढल्या. पुन्हा कोकणात जायचा योग काही आला नाही.

पुढं गावाभोवती कंपन्या उठल्या. लेक तळवड्याच्या कंपनीत शिफ्ट करू लागला. ते जातं अंगणात पालथं पडलं, हेही गेले. वन्संची अमावास्या मात्र चुकली नाही. त्या दिवशी कामाला हात लावायच्या नाहीत. पायरीवर बसून, घमेल्यातल्या पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय बुडवायच्या. संध्याकाळी ते पाणी अंगणाच्या कोपऱ्यात सोडून म्हणायच्या, "गेला लांब." त्या कोपऱ्यात गवत उगवत नाही.

शेवटच्या अमावास्येला पाय पाण्यात असतानाच त्यांनी विचारलं, "वैनी, दादा खरंच न्हाई म्हनला व्हता का गं?"

आता कुणाला भ्यायचं होतं मी? तरी तोंडातून निघालं, "व्हय."

"बरं," त्या म्हणाल्या.

परवा अमावास्या झाली. मी घमेलं मांडलं, मीठ टाकलं, पाय बुडवले. म्हणाले, "वन्सं, म्या इचारलंच न्हाई वो."

आतून सुनेनं विचारलं, "कुणाशी बोलताय, आई?"

"पानी गार हाय म्हनत व्हते," मी म्हणाले. खोटं बोलायचा हात अजून चांगलाच बसलेला आहे.

संध्याकाळी पाणी कोपऱ्यात सोडलं. त्या उघड्या मातीवर ते जरा थांबलं, मग जिरलं. "गेला लांब" एवढं म्हणायचं राहिलं होतं... ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.