सहा व्होल्टचं बुजगावणं

गोंडपिपरीच्या चौकात मोटारी दुरुस्तीचं दुकान चालवणारा चैतू सातवी पास. पण पंपाची जळालेली मोटार त्याच्या हाताखाली आली अन् पुन्हा फिरली नाई, असं कधी झालं नाई. हे त्याचंच म्हणणं. दुकानात पाय ठेवणाऱ्याले पयले हे आयकाव लागे, मंग मोटारीचं बोलणं.

त्याची लहान बहीण उर्वशी अकरावीले. रानडुकरं हाकलाले तिनं एक बुजगावणं बनवलं. मान फिरवे, हात हालवे, डबा वाजवे. पोटात अंगठ्याएवढ्या सहा मोटारी अन् त्याहिले हुकूम देणारा एक बोर्ड. गडचिरोलीच्या एका कॉलेजात प्रदर्शन होतं. पयला नंबर आला का नागपूरले महिनाभर शिकाले नेणार होते. दिवाळीपासून पोरीच्या डोक्यात तेवढंच.

एक मोटार बरोबर चाले. साहीच्या साही एकदम फिरल्या का बोर्ड गपकन बंद पडे.

"दम कमी पडून राह्यला," चैतू म्हणला.

"हो भाऊ. बोर्डातून साहीले करंट पुरत नाई. मोटारीले येगळी बॅटरी पायजे, सहा व्होल्टची. आमचे सायन्सचे सर तिथीच प्रदर्शनात देतो म्हणले."

"सर! सरानं कधी मोटार बांधली का? माह्या दुकानात बॅटऱ्या मेल्या का?"

"सहाच्या वर गेली तं मोटारी जळतीन भाऊ."

"मले शिकवतं का वं? पाच हॉर्सपॉवरची मोटार माह्यापुढं मान खाली घालते!"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळच्या बसमधी कंडक्टरनं बुजगावणं पाहून इचारलं, हे काय जी? चैतू छाती फुगवून म्हणला, "आमच्या दुकानातला माल."

कॉलेजात उर्वशी नाव लिवाले गेली. तेवढ्यात चैतूनं थैलीतून फवारणी पंपाची बॅटरी काढली. बारा व्होल्टची. मोटार लागते तेवढाच करंट घेते, बाकीचा सोडून देते, हे त्याचं पंधरा वर्साचं ग्यान. तारा जोडल्या, पोटाचं झाकण लावलं.

उर्वशी परीक्षक बाईले घेऊन आली. "भाऊ, सर बॅटरी आणून राह्यले, थांब..."

चैतूनं बटन दाबलं.

मान गर्रकन फिरली. दोनी हात वर गेले. पोरं हासले, टाळ्या पडल्या. अन् मंग जळक्या मोटारीचा वास आला. तो वास सगळ्याच्या आधी चैतूनं ओळखला. मंग बुजगावण्याच्या पोटातून धूर निंघाला.

"ही बॅटरी कोणी जोडली?" बाईनं इचारलं.

उर्वशीनं भावाकडं पाह्यलं. चांगली वाट पाह्यली. चौकात ज्याचं तोंड बंद होत नव्हतं, तो खाली वाकून पोटाचं झाकण उघडू लागला.

"मीच जोडली, मॅडम," ती म्हणली.

परतीले तीच बस, तोच कंडक्टर. "का भाऊ, आला का दुकानाचा नंबर?"

"दुकानाचं नाई ते," चैतू म्हणला. "बहिणीचं आहे, जळलं."

उर्वशी उठली अन् मांगच्या सीटवर जाऊन बसली. बुजगावणं चैतूच्या मांडीवरच राह्यलं, हात वर करून.