जोडणीचा दिवा

ती चूक गणपत मिस्त्रीची नव्हती, माझी होती. हे वाक्य मला चौकशीत म्हणता आलं नाही.

तेव्हा मी पंचविशीचा होतो. देवासहून धारला, वीजघरात ओव्हरसियर म्हणून आलो होतो. एकाच इंजिनावर चालणाऱ्या त्या वीजघरात दुसरं इंजिन आणि दुसरं जनित्र आलं, आणि दोन्ही एकत्र चालवण्याचं काम माझ्यावर पडलं.

गणपत धारजवळच्या अमझेऱ्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला साहेब म्हणायचा. तशी रीतच होती. बॉयलरच्या निखाऱ्यांवर तो बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायचा आणि पहिला माझ्या हातावर ठेवायचा. तो तुपाचा आणि तेलकट वाफेचा वास अजून आठवतो. दोन्ही यंत्रांना त्यानं नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. "तुमच्या देवासच्या दोन पात्यांसारख्या, साहेब. गाव एक आणि दरबार दोन. जुळल्या तर नशीब."

जुळवणं खरंच नाजूक होतं. या यंत्रांतली वीज सेकंदात कित्येकदा वर-खाली होते. दोन यंत्रं जोडायची तर दोघींचं वर-खाली एकाच तालात हवं. ताल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोघींच्या मध्ये दिवा लावतात. ताल चुकलेला असला की दिवा उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. वेग जवळ आले की ही उघडझाप सावकाश होते. दिवा हळूहळू पूर्ण विझला की ताल जुळला. त्याच वेळी स्विच टाकायचा. मग दोघी एकमेकींना धरून चालतात.

नकाशात असे दोन दिवे होते. पाहुण्यांना बोर्ड दाखवायचा होता, म्हणून एक काढून मी तिथे चकचकीत मीटर बसवलं.

गणपत म्हणाला, "साहेब, उरलेल्याची तार तुटली तर? तोही विझलेलाच दिसणार."

मी म्हटलं, "विझला की टाक स्विच. बाकी मी बघतो."

दसऱ्याच्या संध्याकाळी रोषणाईसाठी धाकटी चालू केली. दिव्याची उघडझाप सावकाश होत आली आणि तो गेला. गणपतचा हात स्विचवरच थांबला.

"साहेब, झटकन गेला. रोज असा जात नाही."

राजवाड्याहून दोनदा निरोप येऊन गेला होता. मी म्हणालो, "विझला ना? टाक."

त्यानं टाकला. तोफेसारखा आवाज झाला, धाकटीचा शाफ्ट तडकला आणि सगळं अंधारलं.

चौकशीत मोठ्या साहेबांनी विचारलं, स्विच कोणी टाकला? मी म्हणालो, मिस्त्रीनं. हे खरंच होतं. गणपतनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. त्याला काढून टाकलं. तार तुटलेला तो दिवा मी आधीच खिशात घातला होता.

पुढे मी जिथे जिथे काम केलं तिथे जुळल्यावर विझणारा नव्हे, पेटणारा दिवा जोडला, तोही दोन-दोन. खूण अशी हवी की ती बिघडली तर काम थांबावं. हे मी अनेकांना शिकवलं. कोणाकडून शिकलो ते मात्र सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात अमझेऱ्याला गेलो. गणपत शेतावर होता, पार पिकलेला. त्यानं ओळखलं, खाट टाकली, सुनेला बाफले करायला सांगितलं. मी दिवा त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाशी हलवला. आतली तार किणकिणली.

"इतकी वर्षं सांभाळलात?" तो म्हणाला.

वाटेत पाठ केलेलं सगळं मी विसरलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अहो म्हणालो.

"अहो गणपतराव, तुम्ही थांबला होतात. टाक म्हणालो तो मी. चौकशीत ते लपवलं, हा दिवाही. मला माफ करा."