शांतता राखा, पाहुणे आलेत

माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आमच्या घरात मोठ्यानं बोलायला बंदी होती, आणि ती बंदी मीच आणली होती.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा अर्धा पेटला होता आणि अर्धा बांधून व्हायचा होता. आमचे हे (नाव घ्यायची अजून सवय नाही) तिथे क्रेन चालवायचे. नाइट शिफ्ट करून सकाळी घरी यायचे तेव्हा डोळे लालबुंद आणि अंगाला तापल्या लोखंडाचा वास. आणि हे उशीला डोकं टेकतात न टेकतात तोच आमची गल्ली जागी व्हायची! शेजारच्या पंजाबी बीजींचा सिलबट्टा (म्हणजे आपला पाटा-वरवंटा) सुरू, पलीकडे नव्या क्वार्टरांची ठोकाठोक, त्यात कल्हईवाला, भंगारवाला आणि एक बकरी. (बकरी कोणाची ते कधीच कळलं नाही. ओरडायला मात्र आमच्याच खिडकीखाली यायची.) एक दिवस तर ह्यांना जेवतानाच डुलकी लागली. हातातला घास वर गेला तो तिथेच थांबला! घास थांबला तर ठीक, पण क्रेनवर असताना अशी डुलकी लागली तर?

मी गल्लीतल्या बाया गोळा केल्या आणि टाऊनशिपच्या ऑफिसात जाऊन साहेबांना ठणकावलं, "साहेब, हमारे आदमी दिन में सोने को पाहतें, अन् सोने को मिलताच नही! किसी दिन किसी के डोके पर लोखंड पडेंगा!"

साहेब हसले, पण नियम झाला. सकाळी नऊ ते दुपारी चार आमच्या गल्लीत आवाज बंद! हा नियम सगळ्यांना कळावा म्हणून भर दुपारी रिक्षावर भोंगा लावून पुकारा झाला, "शांति रखिए! मज़दूर भाई सो रहे हैं!" झोपलेले सगळे मजदूर भाई दारात येऊन विचारू लागले, काय झालं? शांततेवर लक्ष ठेवायला सुखराम नावाचा छत्तीसगढी चौकीदार मिळाला आणि त्याला एक शिट्टी मिळाली. गल्लीची एक शांतता समितीही झाली आणि तिची प्रमुख झाले मी! बीजींनी नऊच्या ठोक्याला सिलबट्टा आवरायला सुरुवात केली. तोंडावर त्या मला 'शांतीबाई' म्हणायच्या. पाठीमागे पंजाबीत काय म्हणायच्या, ते मी कधी विचारलं नाही.

अशात कुसुमचं जमायची वेळ आली. कुसुम म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, सासूबाईंबरोबर आमच्याकडेच राहायची. दिसायला गोड, कामाला वाघीण. फक्त आवाज! गावी तिला धानाच्या बांधावर पोपट हाकलायला उभं केलं, की शेजाऱ्यांच्या शेतांतलेही पोपट उडायचे. मुलगा चरोद्याच्या रेल्वे यार्डात होता, वसंता नावाचा. सासूबाईंना त्याचे मामा बाजारात भेटले, तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं, "चारनंतर या."

आणि पाहुणे आले भर बारा वाजता!

"अवो, तुमाले चारनंतर सांगतलं होतं ना?" सासूबाई दारातच कुजबुजल्या.

"हाव!" मामा गरजले. "चरोद्यातूनच आलो!"

तेव्हा कळलं, मामांना ऐकू कमी येतं. गल्लीच्या टोकाला सुखरामची शिट्टी वाजली. मामांना तीही ऐकू आली नाही.

मी दार लोटून घेतलं. वसंता, त्याची आई आणि मामा चटईवर बसले. आतल्या खोलीत हे झोपलेले. मी कुसुमला बाजूला घेऊन दम दिला, "मी समितीची प्रमुख आहे. आपल्याच घरातून आवाज गेला तर बीजी मले जगू देनार नाहीत. हळू बोल!"

"किती हळू, वहिनी?"

"तुले जेवढं हळू वाटते, त्याच्याही निम्मं!"

कुसुम आज्ञाधारक. पाण्याचा तांब्या ठेवून मान खाली घालून बसली.

"नाव काय, बाई?" वसंताच्या आईनं विचारलं.

कुसुमचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"काय म्हनते?" मामा ओरडले. बाहेर शिट्टी.

"कुसुम," सासूबाई कुजबुजल्या.

"आं? कुटुंब?"

वसंताची आई आता स्वतःही कुजबुजू लागली. कोणी हळू बोललं की आपलाही आवाज खाली येतो, तसं. "पोरीचा आवाज बसला काय? पहिल्यापासूनच असा हाय?"

मी काही सांगणार, तेवढ्यात आतून हे झोपेत ओरडले, "सोड! अरे सोड! सोड म्हनतो ना!"

(झोपेतही हे क्रेनवरच असायचे. झोपेतल्या बोलण्याला नियम लागू नव्हता, मी ऑफिसात विचारून आले होते.)

पाहुणीचा चेहरा पांढरा पडला. "आत कोन हाय?"

"आमचे हे."

"कोनाले सोड म्हनून राहिले?"

"लोखंडाले," मी हळूच म्हणाले.

"आन् हे असं किती दिवस चालते?"

"आठवडाभर. मंग सेकंड शिफ्ट आली का बरे होतेत."

त्या बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि भावाला कोपरानं ढोसलं. तिच्या मनात काय आलं ते मला स्पष्ट दिसत होतं. मुलगी मुकी, भावाच्या अंगात काहीतरी येतं आणि घरचे सगळे दबून राहतात! तिकडे कुसुम माझ्याकडे पाहत होती. वसंता तिला आवडला होता, हे मला तिच्या पायाच्या अंगठ्यावरून कळत होतं. चटईची एक काडी तिनं उकरून पार बाहेर काढली होती.

पोहे दिले तर जरा वेळ बसतील, म्हणून मी खोलीच्याच कोपऱ्यातल्या शेगडीकडे धावले. स्टोव्ह फरफरतो, म्हणून त्या दिवशी पोहे कोळशावर होते. गडबडीत मी फडकं न घेता सरळ कढई उचलली.

बाईमाणसानं अशा वेळी ओरडायचं असतं, पण मी समितीची प्रमुख! आवाज तोंडातच दाबला. डोळे बाहेर आले, दोन्ही हात वर गेले, तोंड वासलं आणि बिनआवाजाची मी शेगडीपाशी गोल गोल नाचू लागले.

"माय वं! हिलेही!" वसंताची आई उठलीच. "चला भाऊ! वसंता, चप्पल घाल! आमी कळवतो बाई, कळवतो!"

'कळवतो'! मुलीच्या घरी याहून वाईट शब्द नाही. सासूबाई नुसते हात जोडत होत्या. पाहुणे अंगणात पोहोचले. मी फुंकर मारत मागे धावले, आणि तेवढ्यात माझ्या शेजारून कुसुम सुटली. दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि बांधावर उभी असल्यासारखी गरजली,

"थांबा! भूत नाही, फिट नाही, बिमारी नाही! माहा भाऊ नाइट शिफ्ट करून झोपला हाय! वहिनीचा हात भाजला हाय! आन् माहा आवाज असा हाय! आता सांगा, पसंत हाय का नाही?"

खांबावरचे कावळे उडाले. एकामागून एक दारं उघडली. लुंगीतले, बनियनमधले, एक जण तर उशी काखेत घेऊन, सगळी नाइट शिफ्ट गल्लीत उभी! मला फक्त नियम आठवला. मी जीव एकवटून ओरडले,

"कुसुम! हळू बोल! लोक झोपले हायेत!"

कुसुमच्या आवाजानं आमची गल्ली उठली होती. माझ्यानं मागची गल्लीही उठली.

सुखराम शिट्टी फुंकत धावत आला. "कोन चिल्लाइस?"

सगळ्या नाइट शिफ्टनं एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. बीजी भिंतीवरून डोकावल्या. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी दिवाळीतही पाहिला नव्हता. "शांतीबाई, चार बज गए?"

मागून हे डोळे चोळत आले. "काय पडलं? कोनाले लागलं तर नाही?"

मामा मात्र हसत सुटले. "अरे, पोरगी बोलते की! मले वाटलं, आज मीच पूरा बहिरा झालो!"

मग वसंता पहिल्यांदा बोलला, आणि तोही ओरडूनच. "आई, मले पसंत हाय! यार्डात दिवसभर इंजिनं शिट्ट्या मारतेत, माह्या कानात कायम भोंगा! घरी कोनी हळू बोललं तर मले आयकूच येत नाही! आतापर्यंत पाहिल्या, त्यातली हीच पहिली पोरगी मले आयकू आली!"

त्याच्या आईनं कुसुमकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. दोन कमी ऐकणाऱ्यांच्या घरात ती बिचारी किती वर्षं एकटीच ओरडत असेल! तिनं येऊन कुसुमचा हात धरला. "बाई, तू ये. माहा घसा आता थकला."

कुसुम लाजली. (तेवढं मात्र तिनं हळू केलं.)

सगळे जागे झालेच होते, मग मी पोहे गल्लीतच वाटले. लुंगीवाल्यांनी सोयरिकीचा गूळ खाल्ला. बीजी म्हणाल्या, "अब तो सब उठ गए!" आणि भर शांततेच्या वेळात सिलबट्टा काढून आमच्यासाठी हिरवी चटणी वाटली. सुखरामनं दोनदा मागून घेतली.

पुढच्या रविवारी समितीची बैठक झाली. नियम फार चांगला आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो तसाच ठेवावा, फक्त समितीच्या प्रमुखांना दुसऱ्या सेक्टरात क्वार्टर द्यावं, असा ठराव बीजींनी मांडला. त्याच्या बाजूनं सगळ्यांत आधी हात वर गेला तो आमच्या ह्यांचा. हे आजवर म्हणतात की तो झोपेत गेला होता, क्रेनचा दांडा समजून. पण मी नीट पाहिलं होतं. डोळे टक्क उघडे होते!