हरून आलेल्यांची पंगत

आमच्या घरी मेस आहे. लातुरात क्लाससाठी आलेली पोरं-पोरी खाली दोन वेळा जेवतात आणि वर माडीवर मी आणि माझी मैत्रीण व्हिडिओ गेम बनवतो. खालून मिरचीचा ठसका आला की आम्ही शिंकत शिंकत कम्प्युटर सोडून उठतो. आमच्यासारखी जेवणाची घंटा कुठल्याही ऑफिसात नसेल.

मैत्रीण नांदेडची. ती कोड लिहिते, मी चित्रं काढते. हैदराबादच्या नोकरीतून वर्षभराची बिनपगारी सुट्टी घेऊन ती आमच्याकडे राहायला आली होती. नांदेडला तिच्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. ते तिला म्हणाले होते, "एक साल करून बघ बेटा. न्हाई जमलं तर गुमान हैदराबादला जा." सुट्टी दिवाळीनंतर संपणार होती. ती गेली असती तर गेमही संपला असता, कारण मला कोडची एक ओळ लिहिता येत नाही. मला फक्त राक्षस काढता येतात, आणि नुसत्या राक्षसांना कोण विचारतं?

आमचा गेम रोगलाइट जातीचा. म्हणजे मेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पण अगदी रिकाम्या हातानं नाही, थोडंफार काही गाठीला उरतं. आमच्या गेममध्ये एक पोरगी जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरते. प्रत्येक खेपेला खालच्या खोल्या बदललेल्या असतात. ती खाली कुठंतरी मरते आणि वर येते. मेल्यावर जिथं परत यायचं, त्या जागेला या धंद्यात हब म्हणतात. खेळणारा या जागी शंभरदा येणार, म्हणून ती जमली तर गेम जमला. हे आम्हाला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यात फरक असतो, तो आम्हाला कळला नव्हता.

मी हबसाठी किल्ला काढला. औशाला जाऊन बुरुजांचे फोटो काढले, उदगीरला जाऊन दरवाजांचे काढले आणि दोन्ही एकत्र करून असं काही उभं केलं की माझी मीच प्रेमात पडले. मोठं अंगण, मशाली, कोपऱ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तुम्ही मरून आलात की म्हातारा तुम्ही कुठं चुकलात ते सांगणार. आणि दरवाजासमोरच, एकदम नजरेत भरेल असा, एक भलामोठा फलक. त्यावर आजवर सर्वात खोल पोचलेल्यांचे चेहरे.

हा फलक कुठून आला हे सांगायला नकोच. लातुरात चौक मोकळा ठेवायची पद्धत नाही. निकाल लागला की जिकडे तिकडे फ्लेक्स, फ्लेक्सवर हार घातलेली पोरं, पोरांखाली मार्क. आम्ही लहानपणापासून त्याखालून सायकली चालवल्या. दुसऱ्या कुठल्या गावचं कुणी हा गेम बनवत असतं तर मरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा गुणवंतांची यादी दाखवायचं त्याला सुचलंही नसतं. आम्हाला ते इतकं साहजिक वाटलं की त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

गेम तपासायला माणसं घरातच होती. जेवण झाल्यावर एकेकाला वर बोलवायचं आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवायचा. बारव सगळ्यांना आवडायची. माझ्या राक्षसांना बघून पोरं खूश व्हायची. मग मरायची, किल्ल्यात यायची, म्हाताऱ्याचं ऐकायची आणि "छान आहे ताई" म्हणून खाली निघून जायची. दुसऱ्यांदा कुणी उतरायचंच नाही. उदगीरची एक पोरगी तेवढी खरं बोलली. मेडिकलची परीक्षा ती दुसऱ्यांदा देत होती. ती म्हणाली, "ताई, मेल्यावर बी फ्लेक्सच बघायचा का? त्यो तर मी रोज क्लासला जाताना बघते की."

मी तिच्यावर चिडले. माझा राग नाकावरच असतो. संध्याकाळी मैत्रिणीनं हैदराबादच्या साहेबाची, कामावर कधी येताय असं विचारणारी मेल उघडून वाचली आणि परत बंद केली.

मग निकाल लागला. उदगीरच्या पोरीला मार्क कमी पडले आणि ती तिसऱ्यांदा परीक्षा द्यायला परत आली.

आमच्या मेसची एक रीत आहे. निकालानंतर परत आलेल्याला आई दारातच थांबवते. भाकरतुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून टाकते, मग आत घेते. "पाणी पी. हात धू. ताटावर बस." जेवण होईपर्यंत मार्कांचं नाव काढायचं नाही. एखाद्या नवख्यानं काढलंच तर आई पळी पातेल्यावर आपटते आणि तो गप्प होतो. परत येणारा घरून लोणच्याची बरणी आणतो आणि ती सगळ्यांसाठी फळीवर ठेवतो. आई स्वतः लोणचं घालत नाही, घालायची गरजच पडत नाही. देगलूरच्या बरणीतलं तिखट जाळ, निलंग्याच्या बरणीत गूळ. जो नुसता गादी-पुस्तकं न्यायला येतो, तो रिकाम्या पिशव्या घेऊन येतो. त्यामुळं कोण राहणार आणि कोण चाललं हे विचारावं लागत नाही.

मी हे जन्मापासून बघत आलेय, म्हणून मला ते दिसतच नव्हतं. मैत्रीण पहिल्यांदा बघत होती. उदगीरची पोरगी ओवाळून घेऊन आत आली, आपल्या नेहमीच्या जागी बसली. शेजारच्यांनी न बोलता सरकून जागा केली. कुणीतरी वाढलं. दोन घास पोटात गेल्यावर ती कशावरून तरी हसली. मैत्रीण हातातली भाकरी हातातच धरून बघत राहिली.

वर आल्यावर ती म्हणाली, "आपला हब खाली हाय. आन आपण वर बसून किल्ला काढून राहिलोत."

खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. एकेक दगड मी जीव लावून काढला होता. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बुरूज पुसले, म्हातारा पुसला, आणि फलक पुसताना मात्र मला चक्क मजा आली.

नवा हब म्हणजे एक मेस. पोरगी मरून दारात येते तेव्हा एक बाई तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकते आणि म्हणते, "पाणी पी." काय झालं, कशानं मेलीस, काही नाही. खाली बारवेत ज्यांना ज्यांना तिनं मदत केली, ते एकेक करून पंगतीत दिसायला लागतात आणि ती आली की सरकून बसतात. दर खेपेला तिनं वर आणलेली एक वस्तू फळीवर जाते आणि तिथंच राहते. शंभरदा हरलं की फळी भरते. हरण्याचा असा साठा होताना बघून आम्हीच हरखून गेलो. फोडणीचा आवाज मैत्रिणीनं खाली जाऊन रेकॉर्ड केला. त्यात मागं आईचं "सरक गं, तेल उडंल" पण आलं. आम्ही ते ठेवलं.

एक घोळ झाला. जागा इतकी बरी झाली की पोरं खेळायलाच जाईनात. आत बसून राहायची, ह्याच्याशी बोल, त्याच्याशी बोल. उदगीरची पोरगी तर बारवेकडं फिरकेना. मैत्रीण डोकं धरून बसली. तेवढ्यात खालून आईचा रोजचा आवाज आला, "झालं न्हवं जेवून? उठा आता, दुसरी पंगत बसायची हाय."

आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि इतक्या हसलो की आई जिन्यापर्यंत बघायला आली. गेममधली बाई आता जेवण झालं की नेमकं हेच म्हणते. आणि काय सांगू, ऐकलं की खेळणारा निमूटपणे उठतो आणि बारवेत उतरतो. उदगीरची पोरगी मरायची, यायची, जेवायची, शिव्या घालत परत उतरायची. शेवटी अभ्यास राहतोय म्हणून आईनं लॅपटॉप काढून घेतला. आजवर आमच्या गेमचं झालेलं हे सर्वात मोठं कौतुक.

दिवाळी झाली आणि मैत्रीण लॅपटॉप घेऊन नांदेडला गेली. अब्बांना गेम दाखवायचा होता, हैदराबादला उत्तर द्यायचं होतं. ती परत येईपर्यंत मी एकही धड रेघ काढली नाही. फोन करायला हात शिवशिवायचा. पण घरात रीत आहे, आणि रीत मोडली तर पळी आहे.

ती आली तेव्हा पहिली पंगत बसली होती. आईनं तिला दारात थांबवलं, तुकडा ओवाळून टाकला आणि पाणी दिलं. "बस." ती बसली. पोरांनी सरकून जागा केली. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. मी समोर उभी राहून वाढत होते आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघत होते. काही कळत नव्हतं. तिनं सावकाश दुसरी भाकरी मागितली. मला तिचा इतका राग आला की मी पिठलं तिच्या ताटाबाहेर वाढलं.

"झालं न्हवं जेवून?" आई म्हणाली. "ऊठ. दुसरी पंगत बसायची हाय."

ती उठली, हात धुतले आणि येताना कोपऱ्यात ठेवलेली आपली पिशवी उघडली. टॉवेलात गुंडाळलेली एक मोठी बरणी निघाली, तोंडाला फडकं बांधलेली. तिनं फळीवरची देगलूरची बरणी जरा डावीकडं सरकवली आणि आपली तिथं ठेवली.

"लिंबाचं हाय काकू," ती आईला म्हणाली. "अम्मीनं सांगितलंय, संपलं की कळवा, दुसरी पाठवते."

आईनं फडकं उचलून वास घेतला आणि मान हलवली. मी वर गेले आणि दोन्ही कम्प्युटर चालू केले.